मेंढराच्या पाठीवरची माणसं

आमच्या खुटबावात सरपंचांचं तोंड रोज सकाळी चरायला जातं. हसू नका, खरं सांगते. आमचे शेजारी धुळाआप्पा मेंढरांच्या पाठीवर लोकर कातरून माणसांची तोंडं काढतात. कुठं आखूड, कुठं लांब ठेवून असं काही जमवतात, की बांधावरूनच माणूस ओळखू यावा. लोक मेंढरं लोकरीसाठी पाळतात, नाहीतर मटणासाठी. आप्पांनी ऊस सांभाळून पंधरा मेंढरं पाळलीत ती निव्वळ चित्रांसाठी.

मी शिवणकाम करते. ब्लाऊज शिवायच्या माझ्या दोन चांगल्या कात्र्यांची ह्या माणसानं वाट लावलीय, त्यामुळं मला बोलायचा हक्क आहे.

सरपंच तणतणत आले होते. "आप्पा, माझं तोंड मेंढराच्या पाठीवर?"

"मग कुठं काढू? भित्तीवर? भित्त कुठं जाती का? हे गावभर फिरतंय. आन् मेंढरू लाजत न्हाई, तुम्ही का लाजताय?"

सरपंचांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. मग हळूच मोबाईल काढला आणि मेंढराशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढून गेले.

यवतचा एक ढाबेवालाही आला होता. मेंढरं रस्त्याकडेला चरतात, तर त्यांच्यावर ढाब्याचं नाव कातरा म्हणाला. आप्पांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. "मेंढरू म्हंजी फ्लेक्स न्हाई!"

यंदा मात्र त्यांनी कहर केला. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळी लोकर उतरवावीच लागते, नाहीतर जनावर उकाड्यानं हैराण होतं. दरवर्षी आप्पा आपलीच चित्रं हसत कापून टाकायचे. "लोकर परत येती की," म्हणायचे. यंदा चौदा मेंढरं बोडकी झाली आणि पंधरावीला ते कुणाला हात लावू देईनात. ती काळी मेंढी छपराखाली धापा टाकत होती. भावकी समजावून दमली, जनावरांच्या डॉक्टरांनी तंबी दिली.

"मेंढरू माझं, लोकर माझी. निघा!"

मला असा राग आला म्हणून सांगू! चित्र गेलं खड्ड्यात, मुकं जनावर मरायला टेकलंय. उरलेली कात्री घेतली आणि तरातरा गेले. "सरका आप्पा. तुम्ही नाही तर मी कापते."

आप्पा ओल्या फडक्यानं मेंढीचं तोंड पुसत होते. मी तिची पाठ बघितली आणि कात्री खाली ठेवली. पाठीवर आक्का होती. आप्पांची थोरली बहीण, गेल्या थंडीत वारली. आई लहानपणीच गेली, तेव्हा मेंढरांमागं हिंडत हिंडत हिनंच आप्पांना वाढवलं.

"फोटो नाही का आक्काचा?" मी विचारलं.

"आधार कार्डावर हाय. त्यो बघून तीच म्हणली हुती, ही कोण बया?" आप्पा हसले आणि लगेच डोळे पुसायला लागले. "एकदाच जमलं गं पोरी. आता कापलं, आन् लोकर येईस्तोवर मी इसरलो तर? बाकी कोण हाय तिला आठवणारं?"

माझा राग कुठल्या कुठं पळाला. मी मेंढीपाशी बसले आणि नीट न्याहाळलं.

"आप्पा, चुकलंय."

"काय चुकलंय?" लगेच आवाज चढला.

"आक्का हसायची तेव्हा डावा गाल वर चढायचा. तुम्ही दोन्ही सारखेच काढलेत. माझ्या मशीनपाशी बसून दुपार-दुपार हसायची ती, मला नाही ठाऊक?"

आप्पा उठले. मग खुंटीवरची कातर काढली, मेंढीला गुडघ्यांत धरलं आणि मानेपासून सुरुवात केली. काळी लोकर खाली पडत गेली. मेंढी गपगार उभी होती.

"लोकर आली की हाक मारीन," मान वर न करता ते म्हणाले. "हितं येऊन बसायचं. डावा गाल तू सांगायचा."