येऊन राहिल्या

उद्दिष्ट

सिहोऱ्याच्या राइस मिलच्या दारात टीनाने फोन कानाला घट्ट लावला, कारण मागे गिरणी धडधडत होती.

"मॅडम, पाहुण्या येऊन राहिल्या," पलीकडून श्रावणभाऊ ओरडले. ते मिलचे ड्रायव्हर. "काकूले सांगून द्या." फोन कट.

टीना पुण्याच्या एमबीएची. उन्हाळी इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपन्यांनी नाही म्हटलं, तेव्हा वडिलांचे जुने वर्गमित्र आणि या मिलचे मालक बाबुलालकाका हो म्हणाले. कॉलेजची अट एकच होती: एक तरी नवं गिऱ्हाईक मिळवा, तर प्रमाणपत्र ग्राह्य; नाहीतर उन्हाळा वाया आणि प्लेसमेंटला बसायचं नाही. गिऱ्हाईक म्हणजे रत्नमाला मॅडम. नागपुरात मुलींची मोठी मेस चालवायच्या आणि आज तांदूळ बघायला येणार होत्या.

आल्या, आणि राहिल्यासुद्धा. टीना हरखून काकांच्या घराकडे पळाली.

कार्यपद्धती

(टीनाच्या इंटर्नशिपच्या अहवालात हे शीर्षक आहे. खालचा मजकूर नाही.)

"काकू, मॅडम मुक्कामाला आहेत."

बाबुलालकाकांच्या पत्नी सुलोचनाबाई पोळपाट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "राह्यते? आपल्या घरी? कोन म्हणलं?"

"श्रावणभाऊंचा फोन आला होता."

श्रावण खोटं बोलत नाही, हे गावाला माहीत. मग विषय संपला. बाबुलालकाकांच्या खोलीतला कूलर पुढच्या खोलीत गेला. काकांची खाट अंगणात गेली. शेजारच्या रंभाबाईंनी लेकीच्या लग्नासाठी भरून ठेवलेली गादी डोक्यावर घेऊन आणली, आणि वाटेत विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की नागपूरच्या मॅडम झोपायले येऊन राहिल्या. वडे झाले, पुऱ्या झाल्या, पाटीभर आंब्यांचा रस झाला. साबणाची नवी वडी फोडली.

"मिलचाच तांदूळ शिजवू ना?" टीनाने विचारलं.

"नाही तं का शेजाऱ्याचा शिजवतो?" काकू म्हणाल्या.

अडचणी

रत्नमाला मॅडम आल्या, मिल पाहिली, तांदूळ मुठीत घेऊन फुंकला, आणि काकांच्या ओसरीवर येऊन घड्याळ बघितलं. "चहा घेते अन् निघते. संध्याकाळच्या गाडीनं वापस जायचं आहे मले."

तेवढ्यात रंभाबाईंनी त्यांच्या खांद्यावर कोरा टॉवेल टाकला. "न्हाणीत पानी काढून ठेवलं, बाई. गाऊन आनला का देऊ माझा?"

"काहून?"

"रातच्याला घालाले."

मॅडमनी आत डोकावलं. गादी, गादीवर उशी, उशीवर मोगऱ्याचं फूल. त्या बाबुलालकाकांकडे वळल्या. काका टीनाकडे. टीना श्रावणभाऊंकडे.

"तुम्हीच म्हणालात ना, येऊन राहिल्या?"

"हो ना," श्रावणभाऊ शांतपणे म्हणाले. "तवा येऊनच राहिल्या होत्या. आता आल्या."

काकांनी कपाळाला हात लावला. "पोरी, येऊन राहिल्या म्हंजे येत आहेत. वाटेवर आहेत. तुमच्या पुण्यात काय म्हनतेत?"

"येतायत," टीना अगदी हळू म्हणाली.

"आता मॅडम म्हनतीन," काका तिच्या कानात पुटपुटले, "मिलवाल्याचा तांदूळ खपत नाही, तं गिऱ्हाईकाले झोपवून विकून राहिला."

पदराला हात पुसत सुलोचनाबाई वड्यांच्या टोपल्याकडे बघत राहिल्या. ते मॅडमनी पाहिलं.

"जेवून जाते," त्या म्हणाल्या.

जेवताना कोणी व्यवसायाचं बोललं नाही. मॅडमनी भात पुन्हा मागून घेतला, मग रस, मग रसासोबत पुन्हा भात. हात धुऊन त्या "दोन मिनिटं" गादीवर टेकल्या. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर काकूंनी नुकतंच पाणी मारलं होतं.

गाडीची वेळ झाली तशी टीना उठवायला गेली. दारात काकू आडव्या आल्या.

"नको उठवू."

"पण त्यांना जायचंय, काकू."

"जाऊन राहिल्या होत्या," काकू कुजबुजल्या. "आता राहून राहिल्या."

निष्कर्ष

सकाळी मॅडम ओशाळून उठल्या, नमुन्याचं एक पोतं घेतलं, "सांगते" म्हणाल्या आणि गेल्या. मग काहीच सांगितलं नाही. मे सरला. टीनाने दुकानं पालथी घातली, जो तो म्हणे, "पाहून राहिलो." याचा अर्थ तिला आता कळत होता.

शेवटच्या दिवशी बॅग भरलेली होती. कोरं प्रमाणपत्र पुढ्यात घेऊन काका पेनाचं टोपण चावत बसले होते.

"काय लिहू, बाप्पा? गिऱ्हाईक आनलं, का निजवलं?"

"खरं तेच लिहा, काका."

फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला.

"बाबुलालभाऊ, तुमचा तांदूळ पोरींले लय आवडला. मेसले आता तुमचाच. भाव ठरवाले शनिवारी येऊन राहून राहिली." फोन कट.

काकांनी पेन खाली ठेवलं. श्रावणभाऊ बोटांवर शब्द मोजून बघू लागले.

"येऊन राहिली," काका म्हणाले, "का राहून राहिली?"

टीनाने कोणालाच विचारलं नाही. "मधलं राहणं गादीचं आहे, काका. शेवटचं नुसतं तुमच्या बोलण्याचं. काकू, कूलर—"

पण काकू घरात नव्हत्या. अंगणापलीकडून त्यांचा आवाज आला. रंभाबाईंकडे त्या गादी मागून राहिल्या होत्या.