सतरावा रकाना

"रडू दे, रडू दे त्येला! आवाज फुटला म्हंजी गड जिंकला, पोरी!"

सुईण हरणाबाईचा हा आवाज नर्स आम्रपालीने नोकरीच्या पहिल्या वर्षी ऐकला होता, आटपाडीकडच्या एका आरोग्य केंद्रात, बाळंतपणाच्या खोलीत. तेव्हापासून आम्रपाली ती खोली रोज दोनदा धुई, तान्ह्याला न्हाऊ घालावे तशी.

१९९६ साली राज्याच्या आरोग्याची सर्व माहिती संगणकावर आणण्याचा आराखडा ठरला. निधीसाठी प्रत्येक केंद्राने बेचाळीस रकान्यांचा तक्ता भरायचा होता. सतराव्या रकान्यात प्रश्न होता : 'धूळरहित, कुलूपबंद, स्वच्छ खोली आहे काय?' खोलीला बरा दिवा तरी मिळेल, या आशेने आम्रपालीने टपोऱ्या अक्षरात लिहिले, 'आहे.'

हे तिने पुढे कुणालाच सांगितले नाही. कारण दिवा आला नाही, संगणक आला. सोबत पत्र : 'यंत्रास धूळ, गर्दी व आरडाओरडा वर्ज्य आहे.' सबब बाळंतपणाची खाट व्हरांड्यात हलली. तात्पुरती, पुढील आदेशापर्यंत.

कारकून नाथाजी मिरजेहून दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आला. पहिल्या दिवशी यंत्रावरची खोळ काढायला शिकवली होती, दुसऱ्या दिवशी घालायला. गावकरी चपला काढून खिडकीतून दर्शन घेऊ लागले.

"लय हुशार दिसतंय गड्या. कायसुदिक बोलत न्हाई!"

व्हरांड्यात चारचौघांदेखत कोण बाळंत होणार? बाया जीप करून मिरज गाठू लागल्या. एक पोर तर जीपमध्येच जन्मले. पण जीप कुठल्याच रकान्यात बसेना. संगणकाने सहा महिने इमानाने छापले : जन्म, शून्य. वरून शाबासकी आली, 'जन्मदर शून्यावर आणणारे पहिले केंद्र.' पाठोपाठ पाहणीला आरोग्य खात्याचे मधुकरराव साहेब आले.

नेमकी त्याच दुपारी कळा सुरू झालेली मनुबाई, सासू बनुबाईच्या खांद्यावर भार टाकत, दारात उभी राहिली.

"मावशी, दोन तास दम धरायला सांगा," नाथाजी काकुळतीला आला. "साहेबांदेखत शून्य मोडंल वो!"

"आवं, तुमीच सांगा की पोराला. त्येला अजून परिपत्रक वाचता येत न्हाई!" बनुबाई उसळली.

साहेब गंभीर झाले. "रीतसर प्रस्ताव पाठवा. पुढच्या टप्प्यात खोलीची तरतूद करता येईल."

मनुबाई खांब धरून खाली बसली. आम्रपालीने कुलूप काढले, आत गेली आणि संगणकाचा टीव्हीसारखा पडदा खोळीसकट उचलून नाथाजीच्या कुशीत दिला.

"साहेब, सतराव्या रकान्यात 'आहे' मी लिहिलं. दिव्याच्या लोभानं. खोली कुणासाठी धुते ते तुम्ही विचारलं नाही, अन् मी सांगितलं नाही. चुकलं माझं. आता बाहेर व्हा."

साहेब बाहेर झाले. खिडकीतली गर्दी मात्र तशीच होती. आम्रपाली खिडकीकडे वळली.

"आणि तुमी? सहा महिने रोज आत डोकावताय. हितली खाट भाईर का काढली, एकानं तरी विचारलं का?"