केळसकरांचा बाक

माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावर केळसकर दोन शब्द बोलायला उभे राहिले. आशीर्वाद दिला, केकची तारीफ केली आणि शेवटी म्हणाले, "आणि माझं असंही मत आहे, की इमारतीखाली सावलीत एक बाक बसवायला हवा."

सगळे हसले. मी अमिरातीतल्या अल ऐनला नवीन होतो. म्हटलं, चला, शेजारी तरी वेडा मिळाला.

केळसकर मूळचे दापोलीचे. आमच्या इमारतीत एकोणीस वर्षं राहत होते. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये नोकरी, पण शिक्षण इतिहासातलं एम. ए. बँडेजची खोकी काही इतिहास ऐकत नाहीत, मग तावडीत आम्ही सापडायचो. रोममध्ये म्हणे केटो नावाचा एक खडूस म्हातारा होता. सभेत विषय कुठलाही असो, भाषण संपवताना तो म्हणायचाच, की समुद्रापलीकडचं कार्थेज शहर नष्ट झालं पाहिजे. "कार्थागो देलेंदा एस्ट," केळसकर लिफ्टमध्येसुद्धा हात उंचावून म्हणायचे. वर स्वतःच कबुली द्यायचे, "नेमके हे शब्द जुन्या ग्रंथांत नाहीत बरं का. आशय आहे. लोकांनी नंतर घासून घासून गुळगुळीत केले. पुढे ज्याला ज्याला युद्ध हवं होतं, त्यानं आपल्या शत्रूचं नाव घालून तेच वापरलं. मी बाक घातला. कुणाचं काय गेलं?"

केटोनं सभेत कार्थेजचं ताजं अंजीर काढून दाखवलं होतं, शत्रू किती जवळ आहे ते कळावं म्हणून. केळसकरांनी जुलैत खालच्या फरशीवर ओला पापड वाळत घातला, अर्ध्या तासात कडकडीत झालेला तो पापड घेऊन मालकाच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, इथे सावली आणि बाक नको का? मॅनेजरनं पापड तसाच कच्चा खाल्ला, छान आहे म्हणाला. आणि बाक? "इन्शाल्ला, हबीबी."

तिसऱ्या मजल्यावरचे सबनीस कायम विरोधात. म्हणायचे, "बाक ठेवला की लोक येऊन बसतील हो." केळसकर म्हणायचे, "मग काय बाकावर उभे राहतील?"

शेवटी साठी आली. नोकरी खलास, व्हिसा खलास. सामानाची बांधाबांध झाली, दापोलीला परत जायला दहा दिवस उरले, आणि नव्यानं आलेल्या मॅनेजरनं कुणालाही न विचारता झाडाखाली एक हिरवा बाक बसवून टाकला. माझाही जीव हरखला. संध्याकाळी मी अभिनंदन करायला वर गेलो, तर केळसकर खिडकीशी उभे.

"अहो, चला खाली. उद्घाटन करा."

"हळू बोला. मी गेलो तर ती गप्प होईल."

मी वाकून पाहिलं. बाकावर केळसकरकाकू आणि तळमजल्यावरची इजिप्तची बाई. सात वर्षांत काकूंच्या तोंडून "चहा टाकू?" याच्यापलीकडे मी काही ऐकलं नव्हतं. इथे त्या हिंदीत, मराठीत, दोन्ही हातांनी बोलत होत्या. ती बाई अरबीत बोलत होती. दोघींना सगळं कळत होतं.

"दापोलीला ही ओटीवर बसायची," केळसकर म्हणाले. "आळीतलं कुणीही हिच्याशी बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. इथे दारातून गाडीत, गाडीतून दारात. तिच्यासाठी मागतोय म्हटलं असतं, तर तिनं मागूच दिलं नसतं."

"आता ओटी आहेच की," मी उगाच काहीतरी बोललो.

"ओटी आहे. तिच्या बरोबरीच्या निम्म्या गेल्या. उरलेल्या मुलांकडे पुण्या-मुंबईला. बसून बोलणार कुणाशी?"

मला फार वाईट वाटलं.

खाली काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. केळसकरांनी चष्मा काढून पुसला. "कार्थेज पडायच्या आधीच केटो वारला हो," ते म्हणाले. "मला निदान बघायला मिळालं."

जेवायची वेळ टळून गेली, तरी त्यांनी काकूंना हाक मारली नाही.