पडद्यावर न सापडणारा साळवे

साळव्याला मी कसा पकडला, ही गोष्ट मी कित्येकदा रंगवून सांगितली. खरी गोष्ट मात्र वर्षानुवर्षं टाळली. ती आता सांगतो.

साळवे लग्नाच्या पंगतीतही पोटाशी लोखंडी पट्टी बांधून बसायचा. वाढप्याची बादली तिच्यावर आपटून टण्ण वाजली, तरी हा गंभीर. "सवय ऱ्हायला पायजे," म्हणायचा.

त्याची नोकरीच तशी होती. नव्वदच्या दशकात भिंगारला आमच्या चाचणी केंद्रात अंगाची उष्णता टिपणारा कॅमेरा आला. लांबून येणाऱ्या माणसानं सदऱ्याखाली हत्यार लपवलं असेल, तर ते गार असल्यामुळे पडद्यावर काळा डाग दिसावा, अशी अपेक्षा. डाग शोधणारा मी; हत्यार म्हणून पट्टी बांधून येणारा खोटा अतिरेकी साळवे. रजेचा अर्ज देऊन दहशत बंद ठेवणारा अतिरेकी मी तेवढा एकच पाहिला.

पण तो सापडायचा नाही. मैदान ओलांडून आला की खिडकीत डोकावायचा, "दिसलो का, साहेब?" मग चहा माझ्याकडून.

युक्ती त्याच्या बायकोची. सकाळी ती पट्टी चुलीपाशी ठेवायची. मग उलटा हात आधी पट्टीला, मग साळव्याच्या पोटाला लावायची, पोराचा ताप बघावा तसा. दोन्ही सारखं लागलं की, "जावा आता." अंगाइतकंच ऊन लोखंड कॅमेऱ्याला वेगळं कसं दिसणार?

ती वारली. पंधरा दिवसांनी साळवे पट्टी घेऊन माझ्यापुढे उभा. "साहेब, जरा हात लावून बघा. मला माझं कळत न्हाई."

शोधणाऱ्यानंच लपवणाऱ्याला मदत करणं नियमात बसत नव्हतं. तरी रोज सकाळी मी हात लावू लागलो.

मग दिल्लीहून अधिकारी आले. कॅमेरा नापास झाला असता, तर माझी बढती गेली असती. साळवे चालत आला. पडद्यावर डाग नव्हता. तरीही सकाळी हात लावला होता तिथंच मी बोट ठेवलं, "डाव्या बरगडीखाली." पडदा इतका धूसर, की अधिकाऱ्यांनाही लगेच डाग दिसू लागला. सदरा वर करायला लावला, पट्टी तिथंच. टाळ्या पडल्या.

साळवे पट्टी सोडत म्हणाला, "तुमी तरी काय करनार, साहेब. तिच्या हाताला कळायचं, ते आपल्याला न्हाई कळत."

त्यानं भांडारात बदली मागून घेतली. पट्टी परत कधी बांधली नाही.

निवृत्तीनंतर एकदा मी हे सांगायलाच केडगावला त्याच्या घरी गेलो. दोन वेळा चहा झाला, नळाच्या पाण्यावर बोललो आणि उठलो. पुढच्या खेपेला दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, साळवे वारले, महिना झाला.

साळवे, लोखंड अगदी बरोबर तापलं होतं. पडद्यावर काहीही दिसलं नव्हतं.