ओडवारच्या खिशातला फ्यूज

विजेवर चालणाऱ्या मोटारीत फुकटची ऊब नसते, हे सत्य सुजाण नागरिकाने वेळीच पचवलेले बरे. पेट्रोलचे इंजिन स्वतःच तापते आणि जाता जाता माणसालाही शेकते. विजेच्या गाडीत मात्र पायांना जेवढी ऊब मिळते तेवढा रस्ता पुढून कापून घेतला जातो. थोडक्यात, माणसाने एक तर पोहोचावे, नाही तर गरम राहावे.

नॉर्वेतल्या टिन्सेट गावाने या वादाचा निकाल पोहोचण्याच्या बाजूने केव्हाच लावला आहे. हिवाळ्यात इथे पारा उणे तीसला टेकतो (त्याखाली गेला तर त्याची चर्चा होते, तक्रार होत नाही). सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर निवृत्त मंडळी जमली की कोणी कोणाची तब्येत विचारत नाही. ट्रॉन्हेम शहरात पोहोचलास तेव्हा बॅटरी किती टक्के उरली होती, एवढेच विचारतात. एका अनधिकृत पाहणीनुसार या टेबलावरचे शंभर टक्के पुरुष हीटर लावत नाहीत. त्यांच्या बायकांना पाहणीत विचारलेले नाही.

ओडवार ब्रेक्केन हा या टेबलाचा मानाचा गडी. त्याच्याइतके टक्के कोणाचेच उरत नसत आणि त्याचे कारण साधे होते. तीन हिवाळ्यांपूर्वी रस्त्यात एल्क हे थोराड हरीण आडवे आले. ओडवार तिकडे बघत असताना त्याची बायको योरुन हिने अंगठ्याने गुपचूप हीटर वाढवला. त्याच संध्याकाळी ओडवारने पुढचे झाकण उघडून हीटरचा फ्यूज उपटला आणि पाकिटात ठेवला. समोर इशाऱ्याचा दिवा लागला, त्यावर स्की-मंडळाचा स्टिकर चिकटवला. मग घरात येऊन, हीटर बिघडलाय आणि त्याचा भाग मिळत नाही, असे अतिशय खिन्न चेहऱ्याने सांगितले.

तेव्हापासून योरुन रेनडिअरच्या कातड्यावर बसून प्रवास करी. काच आतून गोठे, म्हणून तिच्या हातात खरवडणी दिलेली असे. ती खरवडे, ओडवार चालवी. संसार दोघांनी मिळून ओढायचा असतो, हे त्याला मनापासून पटलेले होते.

यंदा नाताळाच्या आधी मात्र योरुनने खरवडणी टेबलावर ठेवली.

"लेकीकडे जायचंय," ती म्हणाली. "गाडी गरम झाली तर तुझ्याबरोबर येते. नाही तर कोरेबरोबर जाते."

कोरे हा शेजारी. त्याची डिझेलची जुनी गाडी बाहेरून गंजलेली होती, पण आत माणूस नुसत्या सदऱ्यावर बसू शके. आपली बायको लेकीच्या दारात दुसऱ्याच्या डिझेलमधून उतरणार, या विचाराने ओडवारच्या घशाखाली बटाटा उतरेना.

फ्यूज परत लावणे हा एक उपाय होता. पण तसे केले असते तर हीटर चालू झाला असता. म्हणून त्याने गाडी वर्कशॉपात नेली. बिघाड सापडत नाही असे तज्ज्ञांनी एकदा सांगितले की योरुनला तज्ज्ञांवर रुसता येईल, असा त्याचा हिशेब होता. फ्यूज अर्थातच खिशात होता.

वर्कशॉपात हीटरचा विद्युत-बिघाड शोधण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. नारिंगी वायरीत माणूस मारण्याइतकी वीज असते, म्हणून तंत्रज्ञ सिल्ये कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालते आणि तिच्या मागे स्टाइनार लांब आकडा घेऊन उभा राहतो. तिला झटका बसलाच तर त्याने तिला आकड्याने ओढायचे. (त्याने आजवर कोणालाही ओढलेले नाही. वर्कशॉपात याला उत्तम कामगिरी म्हणतात.) प्रथम गाडी बंद करून परत चालू करतात. मग तिला नवे सॉफ्टवेअर देतात. त्यानंतरही ती गार राहिली तर भाग बदलतात आणि ते किमतीच्या उतरत्या क्रमाने, कारण महाग वस्तू बिघडण्याची शक्यता नसली तरी बदलल्याचे समाधान मोठे असते. त्याप्रमाणे आधी हीटर बदलला, मग कॉम्प्रेसर, मग तापमान मोजणारा सेन्सर. नव्या कोऱ्या हीटरमधून नवी कोरी थंड हवा आली. गाडी हमीच्या मुदतीत असल्याने कोणाचाच धीर सुटला नाही.

ओडवार मात्र उबदार प्रतीक्षाकक्षात ब्राउन चीज लावलेल्या पावाचा डबा खात बसला होता आणि त्याला प्रथमच थोडी लाज वाटत होती. तिथे छान वाटत होते, हीच मुख्य अडचण होती. योरुनला तीन वर्षांत असे कुठे बसता आले नव्हते.

शेवटी यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू आली आणि सिल्येने त्याला आत बोलावले. तिने एका रिकाम्या खाचेकडे बोट दाखवले.

"इथं एक फ्यूज असतो," सिल्ये म्हणाली.

"असतो का?"

"खिशात बघा. बहुतेकांच्या खिशातच असतो."

ओडवारने पाकिटातून फ्यूज काढून खाचेत बसवला. स्टाइनारने सभ्यपणे आकड्याच्या टोकाकडे नजर वळवली. अहवालात काय लिहिणार, असे ओडवारने खालच्या आवाजात विचारले. "जोडणी सैल होती," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांचं तेच लिहितो."

नाताळाच्या आदल्या दिवशी योरुन गाडीत बसली. ओडवारने स्वतः बावीस अंशांवर बोट ठेवले. टक्के त्याच्या डोळ्यांदेखत वितळू लागले आणि वाटेत स्टोरेन गावी चार्जिंगसाठी थांबणे भाग पडले. तिथे कॉफीच्या टेबलावरची निम्मी मंडळी बायकांसह रांगेत होती. फक्त वॅफल खायला थांबलोय, असे जो तो न विचारता सांगत होता. टक्के कोणी कोणाला विचारले नाहीत.

योरुनने कोट काढून मागे टाकला.

"कोरेच्या गाडीला डिझेलचा वास येतो," ती म्हणाली. "हिला नाही येत."

तीन हिवाळ्यांत कोणत्याही टक्क्याने झाला नव्हता एवढा आनंद ओडवारला झाला.

वाचक हो, तुम्ही एव्हाना पोट धरून हसला असाल. बायको गारठते आणि हा टक्के मोजतो, काय म्हणावे या माणसाला? खरेच आहे. पण तुमच्याही बैठकीत एक एसी आहे, तो पाहुणे आले की लागतो आणि त्याचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटाच्या वर ठेवलेला आहे. मे महिन्यात घरातले कोणी घाम पुसत "लावू का जरा?" म्हणून विचारते, तेव्हा "आत्ता कुठे उकडतंय?" असे तुम्हीच म्हणता. ओडवारने निदान शेवटी फ्यूज तरी परत लावला.