शेवटचा हात

माणसाला जे करायची भीती वाटते, त्याची तयारी तो फार मनापासून करतो. या पायावर जगात कितीतरी संस्था उभ्या आहेत. ‘आपला लाकडी सर्फबोर्ड आपण बनवा’ ही कार्यशाळा त्यांतली सर्वांत प्रामाणिक. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे. (अद्याप कुणी हाक मारलेली नाही.)

काकूंनी तिथे नाव घातलं ते लेकीपायी. लेक महिनाअखेर नोकरीसाठी लांब जाणार होती. ती म्हणाली, “त्याआधी एकदा दोघी मिळून लाटांवर जाऊ. तू तुझ्या फळीवर, मी माझ्या.” काकूंना पोहता येई, पण तलावात, कडेकडेने. आणि दातांच्या दवाखान्यात बसून जन्मभर लोकांना “काही दुखत नाही हो” सांगितलेल्या बाईला ‘मला भीती वाटते’ म्हणायची सोय नसते.

कार्यशाळेचे चालक पूर्वी विमा विकत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. संस्थेचे नियम तीनच:

अ) फळी पूर्ण झाली, हे बनवणाऱ्यानेच जाहीर करावे.
आ) तत्पूर्वी तिच्यावरून एकदा हात फिरवावा.
इ) हाताला काही लागल्यास पुन्हा घासावे.

हाताला काही ना काही लागतंच. त्यामुळे संस्थेचा इतिहास निष्कलंक आहे: बुडालेल्या फळ्या शून्य, जखमी शून्य, समाधानी सभासद शंभर टक्के. एका निवृत्त मुख्याध्यापकांची फळी घासून घासून आरपार दिसण्याइतकी पातळ झाली, तेव्हा त्यांचा सत्कार झाला आणि त्यांनी नवी फळी धरली.

काकूंचा हात मुळातच चांगला. आतल्या फासळ्या जुळवल्या, वर पट्ट्या चिकटवल्या, शिकंजे आवळले, रंधा मारला. बघता बघता फळी उभी राहिली. मग त्यांनी पॉलिश पेपर हातात घेतला, आणि तो सुटेना. जेवतानाही बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत.

“हल्ली तू माझ्या टकलाकडे बघितलंस तरी धास्ती वाटते,” नवरा म्हणाला.

समुद्रावर जायचं ठरलं त्या पहिल्या रविवारी टोक जाड वाटलं. दुसऱ्या रविवारी तेल वाळायचं होतं. तिसऱ्या रविवारी तेल वाळलं होतं, पण जरा जास्तच. मग लेकीच्या निघण्याचा दिवस उजाडला आणि ती स्वतःची टवके उडालेली, दुकानातली फळी काखेत मारून थेट कार्यशाळेत आली.

“झाली?”

“शेवटचा हात राहिलाय.”

लेकीने फळीवरून हात फिरवला. “आई, माझ्या गालापेक्षा मऊ आहे ही.”

“डाव्या कडेला जरा...”

“संध्याकाळी गाडी आहे माझी.”

सगळ्यांचं घासणं थांबलं. प्रसंग गंभीर होता. सभासदांनी आळीपाळीने हात फिरवला आणि प्रत्येकाला खरखर लागली, प्रत्येकाला वेगळ्या जागी. “काकू, घाई नको,” उस्ताद म्हणाले. “समुद्र कुठे पळून जातोय?”

हे खरंच होतं. पळणाऱ्यांत समुद्र नव्हता.

“तू हो पुढे,” काकू लेकीला म्हणाल्या, “मी आलेच.”

दुपार कलल्यावर लेक परतली. निथळत होती, गुडघा खरचटला होता, हसू आवरत नव्हतं. “तीनदा उभी राहिले. सारखी मागे बघत होते, तू येतेयस का.” तिने आईला मिठी मारली, तेव्हा केसांतलं खारं पाणी फळीवर ठिबकलं. काकूंनी बाहीने पटकन फळी पुसली. मग लेकीचा चेहरा.

लेक गेली. यंदाचं ‘सर्वोत्कृष्ट गुळगुळीतपणा’ पारितोषिक काकूंना मिळालं. पारितोषिकाच्या संध्याकाळी लेकीचा फोन आला: “इथेही समुद्र आहे, आई. येतेस?”

“येतेच,” काकू म्हणाल्या. पॉलिश पेपर दुसऱ्या हातात होता.

कार्यशाळेत सध्या काही जागा रिकाम्या आहेत. अनुभवाची अट नाही. शेजारच्या खोलीतून ज्यांना कुणीतरी “चल ना” म्हणून हाक मारली आणि ज्यांनी “एवढं वाचून होऊ दे, आलोच” असं उत्तर दिलं, त्यांना थेट प्रवेश आहे.