मामाचो झील, मुक्काम ब्राझील

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक नारळ रिस्टबँड घालतो.

नारळाला मनगट नसतं, हे मला ठाऊक आहे. परबकाकांना ते मान्य नाही. शेंडीच्या जरा खाली, जिथे नारळाची मान असावी असा त्यांचा अंदाज आहे, तिथे ते एक जुना, कधीकाळी पांढरा असलेला रिस्टबँड चढवतात आणि नारळाला जिन्याखाली, विजेच्या मीटरांसमोर पाटावर बसवतात. त्या दिवशी जगाच्या पाठीवर कुठेतरी झेफेरिनो साराइव्हा नावाचा ब्राझीलचा टेनिसपटू मॅच खेळत असतो. बहुधा हरत असतो.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर ओशाळू नका. टेनिसवाल्यांनीही फारसं ऐकलेलं नाही. पण आमच्या बी विंगमधलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की झेफ्याचा उजवा खांदा दुखतो, मातीच्या कोर्टावर तो बरा खेळतो आणि पहिला सेट जिंकला की हमखास त्याची वाट लागते.

परबकाका कुडाळकडचे. ते रंगाच्या कंपनीतून निवृत्त झाले तशा काकू काजूची बाग सांभाळायला गावी गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. काका इथे एकटे. टेनिसशी त्यांचा संबंध बांगड्याचा संकष्टीशी असतो तेवढाच. पण नोकरीच्या शेवटच्या दिवसांत मुंबईत कसलीशी छोटी स्पर्धा भरली. कंपनीकडे फुकट पास आले, ते कुणालाच नको होते, आणि पासावर जेवण होतं. काका जेवायला गेले. बिर्याणीला अवकाश होता म्हणून सावली बघून मागच्या एका कोर्टापाशी टेकले. तिथे झेफ्या खेळत होता. प्रेक्षक म्हणजे काका आणि एक कावळा. दुसऱ्या सेटला कावळाही उठून गेला.

पोरगा हरला. सामान आवरून तो थेट काकांकडे आला, हात मिळवला, मनगटावरचा पट्टा काढून त्यांच्या हातात ठेवला आणि छातीवर हात धरून त्याच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलला.

"काय म्हणाला?" मी एकदा विचारलं.

"माका काय म्हायत? पण तो मनापासून बोललो. बिर्याणी रवली ती रवलीच."

तेव्हापासून झेफ्या परबांच्या घरचा. नातंसुद्धा काकांनी रीतसर बसवलं. "कोकणात काजू खयसून इलो? ब्राझीलातसून. म्हणजे ब्राझील काजूचा म्हायार. काजूवर आमचा पोट चालता, म्हणजे काजूची बाग आमची आवस, आये. मगे आवशीच्या म्हायारचो पोरगो आमचो कोण? मामाचो झील!" मामाच्या मुलाच्या या नात्यात खोट काढायला मी कित्येक रविवार फुकट घालवले. सापडली नाही.

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि हातात बटणांचा फोन. त्यामुळे मॅच माझ्या मोबाइलवर लागते, मी बघतो आणि काका ऐकतात. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात, "आणि नेमकी तेवाच मॅच असली तर?"

मॅचआधी गाऱ्हाणं. मालवणी माणूस देवापुढे पुटपुटत नाही. गावातल्या माणसांदेखत मोठ्यानं आपलं म्हणणं मांडतो, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा, म्हणजे देवाला नंतर टाळाटाळ करता येत नाही. मी कांबळे. आमच्या घरात आजोबांपासून नवससायास बंद. शेजारधर्म मात्र कुणी बंद केलेला नाही. त्यामुळे बिल्डिंगमध्ये सगळ्यांत दणदणीत 'व्हय म्हाराजा' माझा. एकदा त्या आवाजानं मेन स्विच खाली पडला होता.

"तू भारी थापाडो आसंस, कांबळ्या," काका म्हणतात. पण स्विच पडला होता.

झेफ्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा विजय आमच्या लिफ्टमध्ये झाला. मॅच हातातून चाललेली, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या शहाबेन भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या आणि त्याच क्षणी झेफ्यानं पॉइंट वाचवला. काकांनी तडक लिफ्टचं बटण बंद केलं.

"जो जंय आसा, तो थंयच रवांदे!"

"परबभाई, मेरी दाल गॅस पे है!" आतून शहाबेन.

"दाळ जळांदे, सेट वाचांदे!"

सेट वाचला, मॅच वाचली, दाळ गेली. ती जळकी दाळ काकांनी प्रसाद म्हणून तळमजल्यापासून गच्चीपर्यंत वाटली. शहाबेन आजही तो विजय स्वतःच्या खात्यावर धरतात.

बाकी सगळे पराभव. कुठे पात्रता फेरीत, कुठे पहिल्याच फेरीत, कुठे खांद्यामुळे अर्ध्यातून. आणि गंमत म्हणजे, मॅच संपल्यावर काका स्कोअर कधीच विचारत नसत. विचारत एकच.

"माणसां किती होती?"

"असतील पाच-सहा."

मग ते जिभेनं च्यक् करत आणि नारळ फोडायला उठत. म्हाताऱ्या माणसाचं एक खूळ, म्हणून मी सोडून दिलं होतं.

या वर्षी झेफ्याच्या खांद्यानं हात टेकले. त्यानं जाहीर केलं: आपल्याच गावातल्या स्पर्धेत हरेपर्यंत खेळणार आणि मग रॅकेट खाली ठेवणार. पहिली मॅच तिथल्या रात्री, म्हणजे आपल्याकडे सकाळी दूध येतं त्या वेळेला.

बी विंगमध्ये खळबळ उडाली. सेक्रेटरी चौगुले जिन्यातच उभे राहिले. "काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही ज्याच्यासाठी गाऱ्हाणं घालता, तो हरतो. मग या वेळी समोरच्यासाठी घाला ना! तो हरेल, आपला जिंकेल. सिंपल!"

सगळ्यांना हे एकदम पटलं. पाण्याच्या टाकीवर सात वर्षांत न झालेलं एकमत तिथल्या तिथे झालं.

"देवाक फसवूचा?" काका म्हणाले.

"फसवायचं कुठे? जरा वळसा घालायचा."

काका पायरीवर बसले. "शेवटची रे तेची," असं स्वतःशीच म्हणाले आणि मान डोलावली.

सकाळी अख्खी विंग हजर. शहाबेन शाल पांघरून लिफ्टच्या दारातच उभ्या, लागल्या तर असाव्यात म्हणून. चौगुल्यांनी नारळाच्या गळ्यातला पट्टा काढला. आज नारळ समोरच्याचा होता. काकांनी तो पट्टा मुठीत धरला आणि सुरू केलं.

"बारा गावच्या, बारा येशीच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हो जो समोरचो झील खेळता, रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका..."

काका थांबले. पाण्याचा पंप घरघरत होता.

"यश दे, म्हणा," चौगुले कुजबुजले.

काका खाली वाकले. चाचपत चाचपत त्यांनी पट्टा पुन्हा नारळाच्या गळ्यात चढवला.

"तेचा तू बघ, म्हाराजा. माका आमच्या झेफ्याचा सांगूचा आसा. हरतलो तर हरांदे. पण आज तेच्या मॅचीक माणसां येवंदेत. आणि शेवटपर्यंत बसांदेत."

या वेळी पहिला आवाज माझा नव्हता. मग लिफ्टच्या दारातून शहाबेनचा बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." मागोमाग सगळ्यांचा आला.

चौगुले पाय न वाजवता वर गेले. बाकीचेही पांगले. काका आणि मी पायरीवर बसलो. मॅच लागेपर्यंत फोनवर एक चकती गरगरत होती.

"कंपनीच्या कबड्डीच्या टीमात मी होतंय. राखीव," काका म्हणाले. "एकदाच उतरवल्यानी माका. तेंचो सगळ्यात जबरदस्त गडी चढाईक इलो आणि मी एकट्यान धरलंय तेका. एकट्यान! पण त्या दिवशी गेटवर युनियनची सभा. सगळी माणसां थय. बायको तेवा नेमकी गावाक गेलली. कोणी बघलाच नाय रे." त्यांनी नारळ पाटावरून उचलून मांडीवर घेतला. "आता कधी कधी वाटता, ती पकड झाली की नाय?"

मॅच लागली. झेफ्या पहिला सेट हरला, दुसराही हरला. नेटपाशी जाऊन त्यानं समोरच्या पोराला मिठी मारली, मग गुडघ्यावर बसून लाल मातीला हात लावला. कॅमेरा हळूच बाकांवरून फिरला. बाकं रिकामी होती. एका कोपऱ्यात एक बाई मिटलेली छत्री घेऊन बसली होती.

"झाली?"

"झाली, काका."

"माणसां किती होती?"

मी फोनकडे बघितलं. मग काकांकडे.

"काका, पाय ठेवायला जागा नाही! बाहेरची माणसं झाडावर चढून बसलीयेत. पोलिसांनी दोर बांधलेत, कुणी ऐकत नाही. बायका वरून फुलं टाकतायत. सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवतंय. आणि मागे एकानं हा एवढा बोर्ड धरलाय..."

"काय लिवलाहा?"

"मामाचो झील."

काकांनी माझ्या दिशेनं मान वळवली. ते धुरकट डोळे माझ्यावर रोखले.

"मेल्या, भारी थापाडो आसंस तू, कांबळ्या."

"आहेच."

नारळ पोटाशी धरून ते भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

"परत सांग," ते म्हणाले. "झाडावर चढले थयसून."